किल्ली कोणी ठरवली?



बँकेत खातं उघडायचं तर आधार लागतं, पॅन लागतं, फोटो लागतो आणि शेवटी कोणाची तरी सही लागते. बिटकॉइनचा पत्ता, म्हणजे त्या चलनातला खाते क्रमांक, काढायला यातलं काहीच लागत नाही. इंटरनेटसुद्धा लागत नाही. घरच्या संगणकावर पायथनसारख्या भाषेत दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट लिहिली की एक खाजगी किल्ली आणि तिचा पत्ता समोर येतो. कुठे नोंद नाही, कोणाची मंजुरी नाही.

असं करावंसं वाटणारे लोक अलीकडे वाढले, त्याला कारणही घडलं. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्स या एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीचं आभासी चलन चोरीला गेलं. खात्यात दिसणारा आकडा आपला असला तरी किल्ली दुसऱ्याकडे असते, हे अनेकांना त्या दिवशी कळलं. मग साहजिकच विचार आला, की किल्ली आपणच का काढू नये?

काढता येते. पण काढायची म्हणजे काय करायचं, ते आधी पाहू.

खाजगी किल्ली म्हणजे एक संख्या. किती मोठी? दोनचा दोनशे छप्पन्नावा घात, त्याच्या जरा आतली. लिहायला बसलात तर ७८ अंकांपर्यंत जाते. ही संख्या एका ठरलेल्या वक्रावर वापरायची. त्याचं समीकरण शाळेत बीजगणित शिकलेल्या कोणालाही वाचता येईल: वाय वर्ग बरोबर एक्स घन अधिक सात. या वक्रावरचा एक बिंदू सगळ्या जगासाठी ठरलेला आहे. तो आपल्या संख्येइतक्या वेळा स्वतःतच मिळवायचा. मिळवण्याचा नियमही ठरलेला आहे आणि त्यात जवळच्या वाटा आहेत, त्यामुळे संगणकाला एक क्षण पुरतो. जो बिंदू येतो ती सार्वजनिक किल्ली. जोंधळ्याचं पीठ होतं, पिठाचा जोंधळा होत नाही. तसं त्या बिंदूवरून मूळ संख्येकडे परत जाण्याची व्यवहार्य वाट आजवर कोणाला सापडलेली नाही.

पुढचं काम हिशेबाचं आहे. जुन्या पद्धतीच्या पत्त्यासाठी सार्वजनिक किल्ली आधी एसएचए-२५६ आणि मग राइपएमडी-१६० या दोन सूत्रांतून काढायची, शेवटी चार बाइटांची पडताळणी जोडायची आणि ५८ चिन्हांच्या लिपीत लिहायचं. त्या लिपीतून शून्य, कॅपिटल ओ, कॅपिटल आय आणि स्मॉल एल मुद्दाम गाळले आहेत, कारण डोळ्याला ते एकमेकांसारखे दिसतात. ज्यानं हे गाळले त्यानं कधीतरी हातानं आकडे उतरवून घेतले असणार, असं मला नेहमी वाटतं.

आता गंमत पाहा. हे सगळं गणित तपासता येतं. किल्ली म्हणून चक्क १ ही संख्या द्या. तिचा पत्ता जगाला ठाऊक आहे. तुमच्या स्क्रिप्टनं तोच पत्ता दिला तर गणित बरोबर. मात्र त्या पत्त्यावर पैसे पाठवू नका. २०१९ मध्ये सुरक्षा संशोधक एड्रियन बेडनारेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेरियम या दुसऱ्या चलनाच्या जाळ्यावर अशा सोप्या, लहान संख्यांच्या किल्ल्या शोधल्या, तेव्हा वापरात आलेल्या ७३२ किल्ल्या त्यांना सापडल्या. त्यांवर आलेली रक्कम लगेच उचलून नेणारा चोरही तिथे दबा धरून बसलेला होता.

म्हणजे स्क्रिप्टच्या पंधरा ओळींतल्या चौदा ओळी तपासता येतात. उरते ती पहिली ओळ. संख्या आली कुठून? ती बरोबर आहे की नाही, हे उत्तराकडे पाहून कळत नाही. वाईट निवडीतून आलेला पत्ताही तितकाच लांबलचक आणि तितकाच अनाकलनीय दिसतो.

२०२३ मधलं प्रकरण यासाठी समजून घेण्यासारखं आहे. लिबबिटकॉइन एक्सप्लोरर नावाचं एक जुनं, जाणत्यांच्या वापरातलं साधन होतं. त्यातली एक आज्ञा नव्या किल्लीसाठी बीज, म्हणजे जिच्यातून किल्ली निघते ती मूळ संख्या, काढून द्यायची. बिटकॉइनवरच्या एका नामांकित पुस्तकातही ती उदाहरणादाखल होती. आत मात्र ते बीज मर्सेन ट्विस्टर या पद्धतीनं निघायचं आणि त्याची सुरुवात संगणकाच्या घड्याळातल्या अवघ्या ३२ बिटांवरून व्हायची. बत्तीस बिटांत बसतात सुमारे ४२९ कोटी शक्यता. ऐकायला खूप वाटतात, पण चांगल्या संगणकाला त्या सगळ्या चाचपून पाहायला एखादा दिवस पुरतो. असं बीज उतरवायला सोपं जावं म्हणून शब्दांत मांडतात, आणि बाहेर पडणारे ते २४ शब्द अगदी व्यवस्थित दिसायचे. जुलै २०२३ मध्ये लोकांची डिजिटल पाकिटं एकदम रिकामी झाली, तेव्हा शोध सुरू झाला. घड्याळ शून्यावर ठेवलं की ते साधन जे शब्द देई त्यांतले पहिले दोन होते 'मिल्क सॅड', आणि संशोधकांनी या दोषाला तेच नाव दिलं.

मर्सेन ट्विस्टर वाईट नाही. १९९७ मध्ये मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी ती पद्धत शोधली ती सांख्यिकीच्या कामासाठी, गुपितासाठी नव्हे. पायथनमधलं 'रँडम' आजही तीच वापरतं. किल्लीसाठी त्याच भाषेत 'सिक्रेट्स' नावाचं वेगळं मॉड्यूल आहे, ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून यादृच्छिक बाइट घेतं. फरक एका शब्दाचा, आणि सगळी मिळकत त्या शब्दावर.

ज्यांना संगणकावरही भरवसा ठेवायचा नाही ते फासे टाकतात. साधा सहा बाजूंचा फासा ९९ वेळा टाकला की जवळपास २५६ बिट जमतात. कंटाळवाणं आहे, पण फाशात कोणी आतून दोष ठेवलेला नसतो. निदान सरळ फाशात तरी.

काही जणांना वाटतं, एखादं वाक्य मनात धरावं आणि त्यातूनच किल्ली काढावी. लक्षात राहील, कागद नको. याला 'ब्रेन वॉलेट' म्हणतात, आणि २०१५ मध्ये रायन कॅस्टेलुची यांनी अशा किल्ल्या झपाट्यानं फोडणारा प्रोग्रॅम जाहीर करून दाखवला. आपल्याकडचा कोणी म्हणेल, मी ज्ञानेश्वरीतली ओवी घेतो, ती परदेशातल्या चोराला कुठून माहीत? अहो, ओव्या नऊ हजारांच्या आसपास. ग्रंथ छापील आहे, इंटरनेटवर आहे. संगणकाला तेवढ्याला सेकंदही लागत नाही.

सगळ्यांत सोपी वाट म्हणजे 'किल्ली काढून देतो' म्हणणारं संकेतस्थळ. आयोटा हे चलन वापरणाऱ्या अनेकांनी ही वाट धरली. ८१ अक्षरांचं बीज काढून देणारं एक पान होतं. त्याची स्रोतसंहिता तपासायला खुली होती आणि स्वच्छ होती. प्रत्यक्ष पानावर चालणारी संहिता मात्र निराळी निघाली, आणि दिलेली बीजं तिच्या मालकाला ठाऊक होती. जानेवारी २०१८ मध्ये सुमारे १ कोटी युरो गेले. वर्षभरानं ऑक्सफर्डमध्ये एकाला अटक झाली.

तेव्हा स्क्रिप्ट स्वतः वाचा, इंटरनेट तोडलेल्या संगणकावर चालवा, शब्द कागदावर उतरवा, मोबाइलनं त्यांचा फोटो काढू नका. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या याद्यांमधून येतात; त्यांत इंग्रजी आहे, जपानी आहे, चेक आहे. प्रमाणित यादीत एकही भारतीय भाषा नाही, म्हणून तूर्त आपल्याला इंग्रजीच उतरवावी लागते. पहिल्यांदा थोडीच रक्कम पाठवा, मग पाकीट पुसून कागदावरून पुन्हा उभं करून पाहा. आणि किल्ली घरी काढली म्हणून आयकर चुकत नाही. नफ्यावर ३० टक्के २०२२ पासून आहेतच.

संख्या किती मोठी असली म्हणजे पुरे, याचं एक जाहीर मोजमाप चालू आहे. २०१५ मध्ये कोणीतरी, कोण ते उघड झालेलं नाही, मुद्दाम लहानापासून मोठ्यापर्यंत वाढत जाणाऱ्या संख्यांच्या किल्ल्यांवर थोडे थोडे बिटकॉइन ठेवले: फोडा आणि घ्या. प्रत्येक पुढच्या बिटाला काम दुप्पट. पहिल्या कित्येक भराभर गेल्या. ज्याची सार्वजनिक किल्ली उघड झालेली नव्हती असं ६६ बिटांचं कोडं सुटायला सप्टेंबर २०२४ उजाडला.