नशिबाचे चिंचोके

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर हात थांबवू नका, आवाज तेवढा थोडा मोठा करा.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटात एक वाद झाला. तो आज सांगायचा आहे. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, कोरडवाहू. कितीतरी घरं दसरा-दिवाळीला कुलूप लावून ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. गटात आम्ही 13 जणी, त्यातल्या 5 जणी कोयत्यावर जाणाऱ्या.

बँकेचं कर्ज आलं होतं. कुणाला किती द्यायचं ते ठरवायला बसलो. कोयत्यावर जाणाऱ्या एका ताईनं शेळ्यांसाठी 20 हजार मागितले. लगेच दोघी-तिघी बोलल्या, "हिला नको. सहा महिने बैठकीला नाही, बचत थकलेली, दंड थकलेला. हिच्याबरोबर गटात आलेल्या कुठल्या कुठे गेल्या, ही आहे तिथंच."

वाद वाढायला लागला, तेव्हा आम्ही खडूनं फरशीवर पाच चौकोन काढले. नशीब, कष्ट, शिक्षण, जमीन-पाणी आणि ओळखपाळख. प्रत्येकीला तीन चिंचोके दिले. बरोबर सुरुवात केलेल्या दोघींतली एक पुढे जाते आणि एक मागे राहते, ते कशानं? वाटेल त्या चौकोनात टाका म्हटलं. 39 चिंचोक्यांपैकी 29 नशीब आणि कष्ट या दोनच चौकोनांत पडले. जमीन-पाण्याला तीन, ओळखीला एक.

एक गंमत सांगतो. टीव्हीवर कोट्यवधींची लग्नं आम्ही सगळ्यांनीच पाहिलेली. त्या श्रीमंतीबद्दल बैठकीत कुणी चकार शब्द काढला नाही. बोलणं चाललं होतं ते समोरच्या घरावर पडलेल्या स्लॅबचं. माणूस तुलना करतो ती हाकेच्या अंतरावरच्याशी.

ती ताई इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फडात मी पहाटे तीनला उठते. मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढवते. कष्टाचे चिंचोके माझ्या नावावर किती मांडता, तेवढं सांगा."

कुणालाच उत्तर देता येईना. तेव्हा आम्ही गटाच्या जुन्या वह्या काढल्या.

पुढे गेलेल्या ताईनं पहिल्या कर्जातून म्हैस घेतली होती. म्हैस आजारी पडली, दोन महिने दूध बंद. पण घरची विहीर होती, कांदा निघाला होता, हप्ते त्यातून गेले. भाऊ तालुक्याला, त्यानं डॉक्टर पाठवला. म्हैस वाचली, पुढं दुसरी आली. त्या ताईनं कष्ट केले नाहीत असं कोण म्हणेल? शेण-चारा-धारा करून तिचे हात बघा एकदा.

कोयत्यावरच्या ताईनंही त्याच वर्षी कर्ज काढून शेळ्या घेतल्या होत्या. सासूला दवाखान्यात न्यावं लागलं. बकरी ईद महिना-दीड महिन्यावर आली होती, तेव्हा बोकडाला चांगला भाव येतो, हे तिलाही माहीत होतं. पण पैसा त्याच दिवशी हवा होता. व्यापारी म्हणेल त्या किमतीला चार जनावरं गेली. उरलेल्या बिलासाठी सावकाराकडून 30 हजार, शेकडा पाचनं. म्हणजे महिन्याला दीड हजार, वर्षाला 18 हजार नुसतं व्याज. तेच पैसे गटातून शेकडा दोननं मिळाले असते तर वर्षाला 7,200 पडले असते.

सावकार फेडायला मुकादमाची उचल घेतली. उचलीला व्याज नाही असं म्हणतात. पण एक दिवस ताप आला तरी खाडा कापला जातो आणि हंगाम संपताना जेवढं फिटलं नाही तेवढं पुढच्या वर्षावर जातं. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, पण उचल मोजून दिली जाते ती नवऱ्याच्या हातात. बायकोची मजुरी वेगळी अशी दिसतच नाही.

आता आमची स्वतःची गोष्ट, ती सांगायला जड जाते. आमचा नियम होता, गैरहजेरीला 10 रुपये दंड आणि कर्जाचा क्रम हजेरीवरून. नियम आम्हीच बनवला आणि शिस्त म्हणून मिरवला. बैठक नियमित हवी, हे खरंच आहे, बँकही तेच बघते. पण जी सहा महिने फडात असते तिनं हजेरी लावायची कशी? तिला गरज लागते ती पावसाळ्यात, उचल घेण्याआधी. आमचं कर्जवाटप व्हायचं दिवाळीनंतर, गाव रिकामं झाल्यावर. म्हणजे आमच्याच गटात ज्याच्या घरात विहीर त्याच्याच घरात कर्ज जात होतं आणि आम्ही म्हणत होतो, ती सुधारत नाही.

त्या दिवशी ठरलं ते एवढंच. हंगामातल्या गैरहजेरीला दंड नाही. त्या महिन्यांची बचत फोनवरून पाठवावी, नाहीतर परतल्यावर भरावी. आणि गटाच्या स्वतःच्या पैशातले 40 हजार श्रावणासाठी राखून ठेवायचे, फक्त कोयत्यावर जाणाऱ्यांसाठी.

दोघींनी 20-20 हजार घेतले. उचल सुटली नाही. एवढ्या पैशात ती सुटणारही नव्हती. पण शेळ्यावाल्या ताईनं यंदा उचल कमी घेतली आणि मुलीला बरोबर न नेता गावातल्या हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घातलं. मुलगी सातवीत आहे. दुसरीचे तीन हप्ते थकलेत. त्यावरून पुन्हा बोलणी सुरू झालीत, काही जणी म्हणतात, "बघा, आम्ही सांगत होतो." म्हशीवाल्या ताई त्यांच्यातच आहेत. त्यांचीही बाजू आहे, थकलेला पैसा सगळ्यांचा आहे.

पुढची बैठक रविवारी दुपारी, समाजमंदिरात. थकलेल्या हप्त्यांचा विषय पहिला घेतलाय. त्या ताई फडात आहेत, म्हणून त्यांना फोन स्पीकरवर लावून बोलायला सांगितलंय.