औद्योगिक प्रदर्शनाला जाताना

(ताथवडे येथे मंडळाच्या सभासद व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण कलाशाखेचे. लेथवर कधी हात ठेवलेला नाही. परंतु काउंटरच्या अलीकडून लहान कारखानदाराचे खाते दिसते आणि त्याने कोणत्या महिन्यात प्रदर्शनात स्टॉल घेतला, हेही दिसते. (कोणाचे खाते ते विचारू नये, आम्ही सांगणार नाही.) बहुतेक वेळा दिसते ते इतकेच, की खेळत्या भांडवलातून पैसे गेले, त्यामागून काही आले नाही.

चिंचवडचे ऑटो क्लस्टर आणि मोशीचे प्रदर्शन केंद्र आपल्याला हाकेच्या अंतरावर. आपली माणसे तिथे जातात, पिशवीभर माहितीपत्रके आणतात आणि दिवाळीला रद्दीत घालतात. जत्रेला जावे तसे हे जाणे झाले.

ज्याच्या घरात दोन पिढ्या धंदा आहे, त्याला कंपनीच्या खरेदी विभागात कोणी ना कोणी ओळखीचा भेटतो. आपल्या पहिल्या पिढीच्या उद्योजकाला गेटवरचा पहारेकरीच परत पाठवतो. प्रदर्शनात मात्र तोच खरेदी अधिकारी पायी चालत आपल्या टेबलापाशी येतो. २००५ साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यात सुरू केलेल्या ‘डिक्की’ने, म्हणजे दलित उद्योजकांच्या चेंबरने, २०१० मध्ये पुण्यात आणि २०११ मध्ये मुंबईत प्रदर्शने भरविली. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट आहे. पण आपला कारखाना कोणाला ठाऊकच नसेल, तर हे ४ टक्के कागदावरच राहणार.

आता स्टॉल घेणाऱ्यांविषयी. साधारण तीन मीटर बाय तीन मीटरची जागा मिळते. वीज, जादा टेबल, मालाची ने-आण यांचे पैसे बहुधा वेगळे. म्हणून भाड्याचा आकडा पाहून सही करू नये, एकूण खर्च मांडावा. सूक्ष्म-लघुउद्योग मंत्रालयाच्या योजनेत स्टॉलच्या भाड्याचा परतावा मिळतो, अनुसूचित जाती-जमाती व महिला उद्योजकांना ठरलेल्या मर्यादेत पूर्ण. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि आधी मंजुरी हवी. परतावा म्हणजे पैसे आधी आपल्याच खिशातून जाणार, हेही ध्यानात असू द्यावे.

टेबलावर काय मांडायचे, हा खरा पेच. आपल्यापैकी बहुतेकांचे काम जॉबवर्कचे. जॉब आपण केला, तरी ड्रॉइंग ग्राहकाचे असते. लेखी परवानगीशिवाय तो मांडला, तर नवे गिऱ्हाईक मिळण्याआधी जुने जायचे; आणि नवा माणूसही मनात म्हणतो, उद्या हा माझे ड्रॉइंग असेच चार लोकांना दाखवील. त्यापेक्षा स्वतःच्या कल्पनेचा एक अवघड नमुना करावा: पातळ भिंतीचा, खोल छिद्राचा, जे आपल्याला जमते ते दाखविणारा. शेजारी त्याचा तपासणी अहवाल ठेवावा. यंत्रांची यादी, किती मिलिमीटरपर्यंतचा जॉब बसतो, किती मायक्रॉनची अचूकता रोज देता येते, महिन्याला किती तास मोकळे आहेत, हे एका पानावर असावे. रंगीत फलकापेक्षा हे पान जास्त काम करते, असे आमचे मत आहे.

स्टॉलवर दोघे तरी असावेत. एकटा माणूस जेवायला गेला, की नेमका तेव्हाच मोठा ग्राहक येतो! आणि वही. भेटीचे कार्ड घेऊन खिशात टाकणे म्हणजे नोंद नव्हे. माणूस वळताच लिहावे: कोणता जॉब, महिना किती नग, ड्रॉइंग केव्हा पाठवणार, आपण काय कबूल केले. भाव तिथल्या तिथे तोंडी सांगू नये. पण आठवड्याच्या आत उत्तर गेले पाहिजे. महिन्याने केलेला फोन त्याला आठवतही नाही. ऑर्डर मिळालीच, तर पैसे केव्हा मिळणार ते आधी विचारावे. लघुउद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, तो नम्रपणे सांगायला लाजू नये.

विद्यार्थ्यांनी आधी नाव नोंदवावे आणि सहभागी कंपन्यांची यादी पाहून दहाच स्टॉल निवडावेत. सकाळी गर्दी कमी असते, तेव्हा जावे. तिथे जाताच नोकरी आहे का, असे विचारू नये. हे यंत्र कोणते काम करते, चालवणाऱ्याला काय यावे लागते, तुमच्याकडे शिकाऊ उमेदवार घेतात का, असे विचारावे. इंग्रजी अडखळले, तर मराठीत विचारा. स्टॉलवरचा मुलगा पुष्कळदा आपल्याच भागातला असतो.

उद्यम नोंदणीला आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील लागतो. शुल्क नाही, तेव्हा दलालाला पैसे देऊ नका. ज्यांची नोंदणी राहिली असेल, त्यांनी सभा संपल्यावर कागद घेऊन आमच्याकडे यावे. आपण एकत्र बसून भरू.

जय भीम.