झाकलेले पिस्तूल

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा हे गाव आहे. गाव म्हणण्यापेक्षा आता ती कारखान्यांची वसाहतच झाली आहे. ऑगस्ट २०२५ पासून तेथवर मेट्रोही जाते. या गर्दीत वावरणाऱ्या एखाद्या कारखानदाराने स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगावयाचे ठरविले, तर कायदा त्याच्याकडून कोणती अपेक्षा करतो?

शस्त्राचा प्रश्न आपल्याकडे एके काळी मानापमानाचा होता. १८७८ च्या कायद्याने परकी सरकारने जनतेला निःशस्त्र केले, तो सल इतका खोल होता की, १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा, असे नमूद झाले. राज्यघटनेत मात्र तो मूलभूत हक्क म्हणून आला नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याची पद्धत ठेवली. कर्नाटकातच कोडगूच्या कोडवांना परंपरेने परवान्यातून सूट आहे व ती २०२९ पर्यंत वाढविलेली आहे. पण तो अपवाद झाला. बोम्मसंद्र्याच्या कारखानदाराला अर्ज, पोलिसांचा अहवाल आणि शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण यांतून जावेच लागते.

परवाना हाती आला की पुष्कळांचा एक गोड गैरसमज होतो. पिस्तूल दिसले पाहिजे, असे त्यांना वाटते. लग्नाच्या मांडवात सदऱ्याखालून त्याची मूठ डोकावते, आणि यजमानाला त्यात प्रतिष्ठा वाटते! २०१६ चे शस्त्र नियम नेमके याच्या उलट सांगतात. सार्वजनिक जागी पिस्तूल न्यावयाचे तर ते अंगाला बांधलेल्या खास म्यानात किंवा पिशवीत असावे, संपूर्ण झाकलेले असावे, आणि नेणाऱ्याचा त्याच्यावर पुरता ताबा असावा. तेव्हा झाकून नेणे ही परवानाधारकाची सवलत नसून त्याच्यावरील बंधन आहे. ते उगारून दाखविण्यास तर सक्त मनाई आहे. कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, इतरांच्या जीविताला धोका होईल अशा रीतीने आनंदोत्सवात गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात.

मग ते चालवावयाचे केव्हा? भारतीय न्याय संहिता स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते. परंतु बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा देत नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास अवसर असेल तर तो हक्कच उरत नाही. रस्त्यावर गाडीला गाडी घासली, शब्दाने शब्द वाढला, अशा वेळी कमरेचे शस्त्र माणसाला धीर देण्याऐवजी उद्दाम करते, असे माझे मत आहे. ज्याला आपला राग आवरत नाही, त्याने अर्जच करू नये.

खरी काळजी घरी परतल्यावर सुरू होते. पिस्तूल रिकामे करून कुलुपात ठेवावे. किल्ली मुलांच्या हाती लागता कामा नये. शस्त्र हरवले तर तत्काळ पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी. परवानाधारक निवर्तला तर शस्त्र आपोआप मुलाचे होत नाही. वारसांनी ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. तेव्हा कपाट कोणते आणि कागद कोठे आहेत, हे निदान पत्नीला तरी आजच सांगून ठेवावे.