डबा शोधता शोधता हरवलेली वाट

चिखली तालुक्यातल्या उंद्रीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

तुम्ही म्हणाल, हप्ता-कर्ज सोडून यांनी आज खेळ कुठून काढला? ऐका तर. मे 2000 मध्ये अमेरिकेनं उपग्रहावरून जागा दाखवणारं जीपीएस सर्वांसाठी अचूक केलं. एक-दोन दिवसांतच तिथल्या ओरेगॉन राज्यात एकानं रानात बादली लपवली आणि जागेचे आकडे इतरांना कळवले. तोच हा जिओकॅशिंगचा खेळ. काही ठिकाणी कोडं सुटलं तरच पुढच्या डब्याचा पत्ता लागतो.

आम्हाला वाटलं, कोडी तर आपल्या आज्यांकडं ढिगानं आहेत. दिवाळीच्या सुटीत पांदणीच्या कडेनं पाच रिकामे डबे लपवले. पहिल्यात चिठ्ठी होती, ‘पावसाळ्यात बोलतो, उन्हाळ्यात मुका होतो.’ पोरी नाल्याकडं पळाल्या. तिथं दुसरी चिठ्ठी, ‘बांधावरचे निंब मोजा, एका निंबाला दहा पावलं चाला.’ निंब सहा, म्हणजे पावलं साठ. पण चाळीस पावलांवरच वाट संपली. पुढं नांगरट आणि उगवलेला हरभरा. तिसरा डबा एका ताईनं पलीकडून, आपल्या शेताच्या बाजूनं ठेवला होता.

सोबतच्या आजी म्हणाल्या, “अवं, इथून तर आमची बैलगाडी जायची!”

आम्ही तलाठ्यांकडून गाव नकाशा मिळवला. त्यात पांदण आहे. पलीकडच्या तिघी जणी डोक्यावर ओझं घेऊन सडकेनं फेरा मारत होत्या. ‘कशाला वाकडं घ्यायचं’ म्हणून गप्प होत्या. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

तायांनो, हे लक्षात ठेवा. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 प्रमाणे तहसीलदारांकडं दाद मागता येते. पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता 1966, कलम 143 प्रमाणे बांधावरून वाट मागता येते.

आम्ही आधी त्या शेतकरी दादांच्या घरी जाऊन बोललो. हरभरा निघाला की वाट मोकळी करतो, म्हणाले. शब्द तोंडी आहे, म्हणून 6 महिन्यांची शेवटची तारीख बैठकीच्या वहीत लिहून ठेवली आहे.

तुम्हीही खेळून पाहा. नकाशा घ्या, पोरी घ्या, एखादी आजी नक्की घ्या. आमचा तिसरा डबा अजून तिथंच आहे. त्यातली चिठ्ठी विचारते, ‘पाय नाहीत, तरी रोज शेतात जाते, ती कोण?’ उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. ती तुमच्या गावात अजून आहे का, तेवढं पाहून या.