चक्रीय अर्थव्यवस्था : परतीच्या प्रवासाचा खर्च कोणी सोसायचा?



'चक्रीय अर्थव्यवस्था' हा शब्द आता धोरणांच्या मसुद्यांत आणि उद्योगांच्या वार्षिक अहवालांत रुळला आहे. खाणीतून काढणे, वस्तू बनविणे, वापरणे आणि फेकून देणे ही सरळ रेषा मोडून वापरलेले द्रव्य पुन्हा उत्पादनात आणावे, असा त्याचा साधा अर्थ. ही कल्पना आपल्याला परकी नाही. रद्दी विकणे, बोहारणीला जुने कपडे देऊन भांडी घेणे, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तरीही आधुनिक उद्योगात हे चक्र अपुरे राहते, याचे कारण अर्थशास्त्रीय आहे. कारखान्यातून ग्राहकापर्यंत वस्तू पोहोचविण्याचा खर्च तिच्या किमतीत धरलेला असतो. तिला परत आणण्याचा खर्च मात्र बहुधा कोणाच्याच हिशेबात नसतो. तो कोणी सोसायचा, हे ठरल्याखेरीज चक्र पूर्ण होत नाही.

जेथे हे ठरले, तेथे काय घडले ते प्रथम पाहू. घरगुती गॅसचा सिलिंडर हे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. ग्राहक गॅस विकत घेतो. सिलिंडरसाठी तो अनामत रक्कम भरतो आणि सिलिंडरची मालकी तेल कंपनीकडेच राहते. साहजिकच तो टिकाऊ असावा, वेळोवेळी तपासला जावा आणि पुन्हा पुन्हा भरला जावा, यात कंपनीचेच हित असते. पुढील तपासणी केव्हा, हे त्याच्यावर रंगविलेले असते. मालकी उत्पादकाकडे राहिली की टिकाऊपणा आपोआप फायद्याचा होतो, हे या व्यवसाय-प्रारूपाचे मर्म होय.

दुसरे प्रारूप अनामतीचे. तमिळनाडूतील निलगिरी जिल्ह्यात मद्याच्या रिकाम्या बाटल्यांच्या काचा जंगलात पसरून वन्यप्राण्यांना इजा होत असे. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०२२ मध्ये तेथे प्रत्येक बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन, बाटली परत करताच ते परत देण्याची पद्धत सुरू झाली आणि बहुतांश बाटल्या परत येऊ लागल्या. प्रबोधनाच्या फलकांनी जे साधले नव्हते, ते दहा रुपयांनी साधले.

तिसरे उदाहरण औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचे. १९९६-९७ मध्ये देशात निर्माण होणाऱ्या राखेपैकी जेमतेम १० टक्के राख उपयोगात येत होती. १९९९ च्या अधिसूचनेने केंद्रांच्या परिसरातील वीटउत्पादकांना राखेचा वापर बंधनकारक केला आणि त्यांना ती विनामूल्य देण्याची जबाबदारी वीज केंद्रांवर टाकली. सिमेंट उद्योगालाही राखेत स्वस्त कच्चा माल गवसला. भारतीय मानकानुसार पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख मिसळता येते. २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई ठरविली. २०२१-२२ मध्ये वापराचे प्रमाण ९५ टक्क्यांवर गेले होते. मात्र यासाठी सुमारे पंचवीस वर्षे लागली, हेही ध्यानात ठेवावे.

आता अवघड भागाकडे वळू. जगात २०२२ मध्ये सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी १०६ प्रकारची उपकरणे 'उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारी'च्या कक्षेत आणली. पहिल्या दोन वर्षांसाठी ६० टक्के, नंतरच्या दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के असे लक्ष्य आहे. ते गाठण्यासाठी उत्पादकाने नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगाकडून प्रमाणपत्रे विकत घ्यावयाची असतात. हा परतीचा खर्च उत्पादकावर टाकण्याचाच मार्ग आहे आणि त्याची दिशा योग्य आहे.

परंतु दिल्लीच्या सीलमपूरमध्ये किंवा मुरादाबादमध्ये जाऊन पाहिले तर या व्यवस्थेतील पोकळी दिसते. असंघटित व्यापारी भंगाराला अनेकदा अधिकृत कारखान्यापेक्षा चांगला भाव देतो. त्याला हे परवडते, कारण प्रदूषण-नियंत्रणाचा खर्च तो करीत नाही. आम्लात मंडले बुडविणाऱ्या कामगाराची फुप्फुसे आणि तेथील नदीचे पाणी तो खर्च भरतात. २०१६ च्या नियमांत संकलन केंद्रे आणि सुटे भाग वेगळे करणारे यांना स्थान होते. नव्या नियमांत ते उरले नाही. प्रमाणपत्राचा पैसा पुनर्चक्रण उद्योगापाशी थांबतो, दारोदार फिरणाऱ्या भंगारवाल्यापर्यंत तो पोहोचण्याची तरतूद नाही. शिवाय प्रमाणपत्र सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चारच धातूंवर मिळते. इतर मौल्यवान द्रव्यांच्या वाट्याला या प्रमाणपत्रांतून प्रोत्साहन येत नाही. स्वस्त, कागदोपत्री प्रमाणपत्रांना आळा घालण्यासाठी २०२४ मध्ये ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी किलोमागे २२ रुपये असा किमान दर ठरविण्यात आला. काही उत्पादकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. वाद खर्चाचाच आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

यास्तव तीन सूचना कराव्याशा वाटतात. प्रमाणपत्राच्या रकमेचा ठरावीक हिस्सा नोंदणीकृत संकलकाला मिळावा. पुण्यात २००८ पासून कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून, घरटी सेवाशुल्क घेऊन काम करीत आली आहे. असंघटितांना हुसकावून न लावता व्यवस्थेत सामावता येते, याचा हा दाखला होय. दुसरे, मोबाइल आणि बॅटरी यांसारख्या वस्तूंवर परत मिळणारी अनामत लागू करावी. तिसरे, पुनर्चक्रणाच्या आधी दुरुस्तीला स्थान द्यावे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती उपलब्ध करून देणे उत्पादकांवर बंधनकारक असावे.

या उपाययोजनांनी वस्तू काही प्रमाणात महाग होतील, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु आजची स्वस्ताई खरी नाही. तिची उरलेली किंमत मुरादाबादेतील मुले आणि अद्याप जन्मालाही न आलेले नागरिक चुकवीत आहेत. ती वस्तूच्या किमतीतच दिसू लागेल, त्या दिवशी चक्रीय अर्थव्यवस्थेला खऱ्या अर्थाने प्रारंभ होईल.