चाळिशीतलं पोट, सत्तरीतली आठवण



आजची ही परिषद गिरगावात, ठाकूरद्वारच्या नाक्याजवळ भरते आहे. आमच्या वाड्यांतली मुलं बोरिवली-डोंबिवलीला, पुण्याला, परदेशी गेली. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर उरले आजी-आजोबा. देशात साठीपुढच्या शंभरांतल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे अंदाजे 88 लाख माणसं. त्यातली काही या नाक्याच्या अवतीभवतीच राहतात, म्हणून परिषद इथंच भरावी असा आमचा आग्रह होता.

चाळीस वर्षं मी याच भागात दवाखाना चालवला. 'खात्यापित्या घरचा' हे आपल्याकडे कौतुकाचं बोलणं. लग्नानंतर जावई अंगानं भरला की सासुरवाडीला धन्यता वाटते. ते सुटलेलं पोट पाहून मी रक्तदाब मोजला, साखर तपासली, हृदयाची काळजी केली. मेंदूचा विचार माझ्या मनात आला नाही, आणि तो यायला हवा होता.

2005 साली कॅलिफोर्नियातल्या दहा हजारांवर माणसांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. चाळीस ते पंचेचाळीस या वयात जे लठ्ठ होते, त्यांच्यात पुढं स्मृतिभ्रंशाचा धोका 74 टक्क्यांनी अधिक निघाला. तीन वर्षांनी तिथूनच पोटाच्या जाडीचा हिशेब आला: सर्वांत जाड पोटाच्या गटात धोका जवळजवळ तिप्पट. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं सांगितली, त्यांत मध्यम वयातल्या लठ्ठपणाच्या नावावर एकूण रुग्णांपैकी एकच टक्का टाकला आहे. पण रक्तदाब, मधुमेह आणि वाईट कोलेस्ट्रॉल ही त्याच यादीतली वेगळी कारणं आहेत, आणि दवाखान्यात मला ती बहुतेक वेळा एकाच पोटाबरोबर आत येताना दिसली. पोटातली चरबी स्वस्थ पडून नसते. ती दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते, इन्सुलिनला दाद देण्याची शरीराची ताकद घटवते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना याची झळ लागते.

आपल्यातले सडपातळ लोक आता निर्धास्त झाले असतील, तर त्यांना पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं उदाहरण सांगतो. 2004 साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 22. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. हातपाय काटकुळे आणि पोट पुढं, ही आपल्या माणसाची ठेवण याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या तान्ह्या बाळांतही दाखवून दिली. म्हणून आपल्याला वजनकाट्यापेक्षा टेपवर अधिक विसंबायला हवं.

आता एक घरची गोष्ट. माझी आई इथल्याच झावबावाडीजवळ राहायची. आयुष्यभर अंगानं स्थूल. सत्तरीनंतर तिचं वजन आपोआप उतरू लागलं. "आई, आता गुडघे दुखायचे थांबतील," म्हणत मी तिची पाठ थोपटली. चार वर्षांनी रामनवमीला ती राममंदिरात गेली आणि परतताना तिला आपला जिना सापडेना. शेजारच्या मुलानं हात धरून घरी आणलं. शेजारी म्हणाले, म्हातारचळ लागला. मला तेव्हा ते उतरलेलं वजन आठवलं.

2015 साली ब्रिटनमधल्या सुमारे वीस लाख माणसांच्या नोंदींवरून जाड माणसांना स्मृतिभ्रंश कमी होतो असा निष्कर्ष निघाला, तेव्हा अनेकांना हायसं वाटलं. 2018 साली तेरा लाखांवर माणसांच्या अभ्यासानं त्यातली मेख दाखवली. आजार होण्याच्या वीस वर्षं आधीचं वजन पाहिलं तर लठ्ठपणा धोका वाढवताना दिसतो. शेवटच्या दहा वर्षांतलं पाहिलं तर उलट दिसतं, कारण निदान होण्याच्या कितीतरी आधी माणूस वाळायला लागलेला असतो. उशिरा केलेल्या उपायाचा फायदाही दिसला नाही. वजन उतरवणारं सेमाग्लुटाइड हे औषध अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांना देऊन पाहिलं. नोव्हेंबर 2025 मध्ये निकाल आला: आजाराची चाल मंदावली नाही.

तज्ज्ञ आज दिवसभर बोलणार आहेत, मी त्यांचा वेळ घेत नाही. आमच्या कार्यकर्त्या दाराशी टेप घेऊन बसल्या आहेत. पुरुषांच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत हवा, बायकांचा 80 च्या. तिशी-चाळिशीतल्या मंडळींनी चहाच्या सुट्टीत संकोच न करता मोजून घ्यावं. आणि ज्यांच्या घरी सत्तरीपुढची माणसं आहेत त्यांनी आजपासून त्यांचं वजन दर महिन्याला कॅलेंडरवर लिहावं. काही न करता ते उतरू लागलं, तर कौतुक करू नका, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.