येशूच्या गोष्टीतले मजूर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विहारात येशू ख्रिस्तावर काय बोलणार, असे एका वडीलधाऱ्यांनी आम्हाला चप्पल काढतानाच विचारले. आम्ही काही पंडित नाही. पाळी सुटल्यावर जे वाचले ते सांगतो. कुणाचीही शिकवण तपासायची तर ती कुणापुढे सांगितली आणि तेव्हा राज्य कुणाचे होते, हे आधी बघावे लागते.

येशू गालिलातल्या नासरेथ गावचा, सुताराच्या घरातला. बोली अरामी. वर हुकमत रोमची. यहूदियात इ.स. २६ ते ३६ पंतय पिलात हा रोमन सुभेदार होता. शेतकऱ्याच्या मानेवर कर आणि सावकार. कर्जात जमीन गेली की माणूस बाजारात मजुरीला उभा.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, २० व्या अध्यायात एक गोष्ट आहे. मळेवाला पहाटे बाजारात जातो, दिवसाला एक दिनार ठरवून मजूर द्राक्षमळ्यात धाडतो. पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला, आणि दिवस बुडायला तासभर उरला तेव्हाही जातो. तरी तिथे माणसे उभीच. कुणी कामावर घेतलेच नाही म्हणतात. संध्याकाळी तो सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो, आणि पहाटेचे मजूर कुरकुर करतात.

पाद्री सांगतात, मळेवाला म्हणजे देव. असेल. आम्हाला मात्र तिथे गिरणीचे गेट दिसले. आम्ही बदली कामगार होतो. पाळीच्या आधी गेटवर जायचे. कुणी साचेवाला गैरहजर असला तर काम, नाहीतर डबा तसाच घरी. आमची आई आधी डबा हातात घेऊन बघायची. जड लागला की काही विचारायची नाही.

दिनार ही तेव्हाची मजुराची एका दिवसाची मजुरी. त्यात एका घराची चूल कशीबशी पेटायची. शेवटी आलेल्याला तासाचेच पैसे मिळाले असते तर पोरे उपाशी झोपली असती. यहुद्यांच्या धर्मशास्त्रात तर आज्ञाच आहे की मजुराची मजुरी दिवस मावळायच्या आत द्यावी. ऐकणाऱ्या गोरगरिबांना हे सगळे ठाऊक होते. पुढे काही दशकांनी ही शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली, तेव्हा ऐकणारेही बदलले होते.

एक गोष्ट आम्हाला खटकते. सगळे मळेवाल्याच्या मर्जीवर! माझे पैसे मी वाटेल तसे देईन, असेच तो सुनावतो. मर्जी फिरली तर? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. ते कुठल्या शेटजीच्या दयेने आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बाजारात किती मजूर उभे होते आणि मळेवाला आला की नाही, हे मत्तयाने लिहिलेले नाही. जयभीम.